पेरू २०२१ : राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या फेरीतला, संसद मात्र पहिल्या फेरीचीच

दुर्बीण

११ एप्रिल २०२१ ला पेरूत सार्वत्रिक निवडणूक झाली. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष, दोन उपराष्ट्राध्यक्ष आणि १३० जणांची एकसभागृही संसद निवडायची होती. राष्ट्राध्यक्षपदाला १८ उमेदवार होते. मतं इतकी विखुरली की पहिला आलेला पेद्रो कास्तियो (काहामार्का भागातला शाळामास्तर, २०१७ च्या शिक्षकसंपाचा पुढारी) १८.९२ टक्क्यांवर थांबला. दुसरी केइको फुजिमोरी, १३.४१ टक्के. रफाएल लोपेस आलियागा ११.७५ आणि एर्नांदो दे सोतो ११.६३ वर बाहेर पडले. म्हणजे अंतिम फेरीत गेलेल्या दोघांना मिळून एक तृतीयांश वैध मतंही नव्हती.

६ जूनला दुसरी फेरी झाली. कास्तियो ८८,३६,३८० आणि फुजिमोरी ८७,९२,११७. फरक ४४,२६३ मतांचा. अधिकृत घोषणा व्हायला १९ जुलै उजाडला आणि शपथविधी २८ जुलैला, देशाच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या दिवशीच. पुढे ७ डिसेंबर २०२२ ला कास्तियोने संसद बरखास्त करायचा प्रयत्न केला म्हणून त्याच दिवशी संसदेनेच त्याला हटवलं.

या सगळ्यावर 'दुसऱ्या फेरीची पद्धतच चुकीची' असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. दुसऱ्या फेरीने तिचं काम केलं, दोघांतून एक निवडून दिला. दुखणं आहे ते संसद पहिल्या फेरीच्या दिवशी निवडली जाते यात. तेव्हा लोक १८ दिशांना विखुरलेले असतात, आणि तोच विस्कळीतपणा पाच वर्षं संसदेत गोठून राहतो. जाणकारांनी मोजणी, आक्षेप आणि संसदेची रचना यांवर सविस्तर लिहावं. दीड महिना नक्की कशात गेला, तेही यायला हवं.

मुक्ता

वाचतेय. एक शंका. १८.९२ टक्के हे झालेल्या मतांचे की वैध मतांचे? कोऱ्या आणि बाद मतपत्रिका धरल्या तर चित्र आणखी विरळ दिसेल ना?

गणकयंत्र

मुक्ताताई, वैध मतांचे. घटनेच्या कलम १११ मध्ये स्पष्ट आहे : निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि कोरी व बाद मतं हिशेबात धरायची नाहीत. कोणालाच निम्मी मिळाली नाहीत तर अधिकृत आकडे जाहीर झाल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिल्या दोघांत फेरी.

तुमचा अंदाज बरोबर आहे. पहिल्या फेरीत कोऱ्या मतपत्रिका २१ लाखांच्या वर होत्या. केइकोला १९ लाख ३० हजारांच्या आसपास मतं होती. म्हणजे कोरा कागद तिच्या पुढे होता. मतदान १८ ते ७० वयोगटाला सक्तीचं असल्याने नाराज माणूस घरी बसत नाही, येऊन कोरी टाकून जातो. दंड जिल्ह्याच्या गरिबीनुसार ठरतो. २०२१ मध्ये सधन जिल्ह्यात ८८ सोल (पेरूचं चलन), गरीब जिल्ह्यात ४४, अतिगरीब जिल्ह्यात २२. टेबलावरच्या कामासाठी नाव निघूनही न आल्यास २२० सोल.

दुसऱ्या फेरीत कोरी मतं सव्वा लाखाच्या आसपास उतरली. बाद मात्र ११ लाखांच्या घरात राहिली.

१९८५ चा प्रसंग इथे आठवण्यासारखा आहे. तेव्हाच्या नियमात कोरी-बादही मोजली जात. आलान गार्सियाला वैध मतांत ५३ टक्के होते, पण एकूण मतांत ४६ च्याही खाली. नियमाने दुसरी फेरी लागत होती. दुसऱ्या क्रमांकाच्या आल्फोन्सो बारांतेसने माघार घेतली म्हणून ती टळली. १९९३ च्या घटनेत हा गोंधळ मिटला.

आंबोळी

मतपत्रिकेवर निशाणी असते का आपल्यासारखी?

गणकयंत्र

असते, फोटोही असतो. दुसऱ्या फेरीची मतपत्रिका अगदी सुटसुटीत. दोन आडव्या ओळी, प्रत्येकीत पक्षाचं नाव, निशाणी आणि उमेदवाराचा फोटो. कास्तियोच्या पेरू लिब्रे पक्षाची निशाणी पेन्सिल, केइकोच्या फुएर्सा पोपुलारची 'के' हे अक्षर. निशाणीवर किंवा फोटोवर फुली मारायची, क्रूसासारखी किंवा गुणिलेसारखी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू चौकटीच्या आत हवा. रेघांची टोकं बाहेर गेली तरी चालतं, छेद बाहेर गेला की मत बाद. बरोबरची खूण, गोल किंवा मजकूर लिहिला तरी बाद. साथीमुळे त्या वर्षी घरून निळं पेन आणायला सांगितलं होतं.

आंबोळी

म्हणजे पेन्सिलीला मत द्यायला पेन न्यायचं :)
धन्यवाद, छेदबिंदूचा नियम नवीन कळला.

खडूफळा

आता मोजणीबद्दल. वाद तिथेच पेटला, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

पेरूत तीन वेगळ्या संस्था आहेत. रेनिएक मतदारयादी आणि ओळखपत्रं बघते. ओएनपीई निवडणूक भरवते आणि आकडे जमवते. जेएनई हा निवडणूक लवाद, तंटे सोडवतो आणि निकाल घोषित करतो. त्याच्या हाताखाली २०२१ मध्ये ६० विशेष लवाद होते. आपल्याकडे आयोगाकडेच सगळं असतं आणि तक्रार नंतर उच्च न्यायालयात जाते. तिथे तंटा घोषणेच्या आधीच सोडवायचा असतो. उशिराचं पहिलं कारण हे.

एका टेबलाला साधारण ३०० पर्यंत मतदार. अशी टेबलं देशात आणि परदेशात मिळून ८६ हजारांहून जास्त. प्रत्येकावर चिठ्ठ्यांनी निवडलेले तीन साधे नागरिक : अध्यक्ष, सचिव, तिसरा सदस्य. ते आले नाहीत तर राखीव नावं. तीही नसली तर रांगेतल्या मतदारांतून भरती. मतदान संपलं की तेच तिघे तिथेच पेटी उघडतात, एकेक मतपत्रिका पक्षप्रतिनिधींना दाखवतात, मोजतात आणि 'आक्ता' भरतात. आक्ता म्हणजे टेबलाचा दस्तऐवज. त्याचे तीन भाग : टेबल मांडल्याची नोंद, मतदानाची नोंद (किती जणांनी मत दिलं) आणि मोजणीची नोंद. तिन्हींवर सह्या. त्याच्या अनेक प्रती निघतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी जातात. एक ओएनपीईकडे, एक लवादाकडे, पक्षप्रतिनिधींनाही मिळते.

आपल्या मतदान केंद्रावरचा १७-सी नमुना अनेकांना माहीत असेल. त्यात किती मतं पडली एवढीच नोंद तिथे होते, कोणाला किती ते मोजणी केंद्रावर कळतं. पेरूत दोन्ही गोष्टी त्याच टेबलावर, त्याच संध्याकाळी होतात.

मोजणी झाली की आक्षेप नसलेल्या मतपत्रिका नष्ट करतात. म्हणून 'फेरमोजणी करा' या मागणीला पेरूत अर्थच नाही. मोजायला कागद उरलेला नसतो. उरतो तो आक्ता.

सह्यवारा

मतपत्रिका नष्ट करतात हे वाचून धक्का बसला. ४४ हजारांच्या फरकाच्या निवडणुकीत? मग केइकोच्या बाजूने ओरड झाली त्यात गैर काय?

खडूफळा

सह्यवारा, ओरड करण्याचा हक्क होताच. पण मतपत्रिका नसल्या तरी पडताळा घेता येतो, तो आक्त्याच्या प्रतींमधून. फसवायचं तर सगळ्या प्रती बदलाव्या लागतील, आणि त्यातली एक विरोधी पक्षाच्या खिशात आहे. ओएनपीई प्रत्येक आक्त्याची स्कॅन केलेली प्रतिमा संकेतस्थळावर टाकते. कोणीही आपल्या टेबलाचा आकडा ताडून बघू शकतो.

आक्त्यात खोट निघाली तर तो 'निरीक्षित' म्हणून बाजूला काढतात आणि विशेष लवादाकडे धाडतात. नेहमी निघणाऱ्या खोटी अशा : सही राहिली, आकडा वाचता येत नाही, बेरीज जुळत नाही. लवाद आधी आपल्याकडची प्रत ओएनपीईच्या प्रतीशेजारी ठेवतो. बरेचदा एकीत राहिलेली सही दुसरीत असते आणि प्रश्न तिथेच सुटतो. बेरजेचे नियम ठरलेले आहेत. समजा २१० जणांनी मत दिल्याची नोंद आहे आणि मतांची बेरीज २०७ येते, तर उरलेली ३ बाद मतांत टाकायची, बाकी आक्ता ग्राह्य. उलट बेरीज २१३ आली, म्हणजे माणसांपेक्षा मतं जास्त, तर अख्खा आक्ता रद्द. २१० च्या २१० बाद मतांत जमा. बेरजेतली एक चूक आणि त्या टेबलावरच्या सगळ्यांची मतं गेली. दिवसभर राबलेल्या तीन नागरिकांच्या हातून रात्री कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात ही चूक होऊ शकते, म्हणूनच दोन्ही पक्षांचे वकील निरीक्षित आक्त्यांवर तुटून पडतात.

४४,२६३ ला ८६ हजार टेबलांनी भागा. टेबलामागे अर्धं मत. इतक्या बारीक फरकात आक्ते तपासायला वेळ लागणारच.

शालिनी_अ

त्या रात्री मतदानोत्तर चाचणीत केइको पुढे होती ना? मग निकाल फिरला कसा?

दुर्बीण

शालिनीताई, फिरला नाही. इप्सोस या पाहणी संस्थेची मतदानोत्तर चाचणी केइको ५०.३, कास्तियो ४९.७ अशी होती. त्रुटीच्या मर्यादेत बरोबरीच. काही तासांनी त्याच संस्थेची 'जलद मोजणी' आली : कास्तियो ५०.२, केइको ४९.८. या दोन्हींत मोठा फरक आहे. पहिलीत बाहेर पडणाऱ्या माणसाला विचारतात, दुसरीत नमुन्यातल्या टेबलांचे प्रत्यक्ष आकडे घेतात. दुसरी अंतिम निकालाला अगदी चिकटून निघाली (५०.१३ आणि ४९.८७).

ओएनपीईचे टप्प्याटप्प्याचे आकडे बघणाऱ्यांची मात्र दिशाभूल झाली. रात्रीच्या पहिल्या अहवालात ४२ टक्के आक्ते होते आणि केइको ५२.९ वर. कारण लिमाचे आक्ते जवळचे, ते आधी पोचतात, आणि लिमात तिला ६५ टक्के मतं होती. डोंगराळ भागातले आक्ते होडीने, खेचरावरून, तासन्तास गाडीने येतात. पुनोत कास्तियोला ८९ टक्के, कुस्कोत ८३. ते येऊ लागले तसा फरक आटला आणि दुसऱ्या दिवशी ९० टक्क्यांच्या पुढे मोजणी गेल्यावर कास्तियो पुढे सरकला. शेवटी परदेशातली मतं आली, ती पुन्हा केइकोच्या बाजूची, त्यामुळे आघाडी थोडी कमी झाली. हा क्रम आधीच ठाऊक असलेला होता. 'रात्री पुढे होती, सकाळी मागे पडली, म्हणजे घोटाळा' हा तर्क मुळातच चुकीचा आहे.

सह्यवारा

क्रमाचा मुद्दा मान्य. पण केइकोच्या पक्षाने ८०२ टेबलांवर घेतलेल्या आक्षेपांचं काय? त्यात खोट्या सह्या, एकाच घरातले तिघे टेबलावर, केइकोला शून्य मतं असे प्रकार होते असं वाचलं आहे. हे सगळं फेटाळलं ते तांत्रिक कारणांवर. मुदत संपली हे काय उत्तर झालं?

गणकयंत्र

मुद्दे एकेक घेतो.

मुदत : आक्षेप ९ जूनच्या रात्री ८ पर्यंत द्यायचे होते. तोवर ८०२ पैकी थोडेच दाखल झाले, बहुतेक नंतर. ११ जूनला जेएनईने मुदत वाढवली आणि टीका झाल्यावर त्याच दिवशी निर्णय मागे घेतला. वाढवायलाच नको होती. मतदान झाल्यावर नियम बदलला की ज्याच्या सोयीचा तो नाही, तो कायमचा संशय धरतो. मुदत तांत्रिक वाटते, पण ती दोघांना सारखी असते.

एकाच घरातले सदस्य : जवळचे नातेवाईक एका टेबलावर बसू नयेत हा नियम आहे. पण नावांची यादी मतदानाच्या कितीतरी आधी प्रसिद्ध होते आणि हरकत तेव्हाच घ्यायची असते. शिवाय अँडीजमधल्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच असू शकतं. आडनाव जुळलं म्हणजे नातं सिद्ध होत नाही.

सह्या : ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही, असे आरोप होते. बारा तासांहून जास्त काम करून आक्त्याच्या प्रतीमागून प्रतीवर केलेली सही ओळखपत्रासारखी येत नाही. ती खोटी आहे हे सांगायला तज्ज्ञाचा अहवाल आणि त्या माणसाचा जबाब लागतो.

शून्य मतं : जिथे जिल्हाच ८५-९० टक्के एका बाजूचा आहे, तिथे दोनशे मतांच्या एखाद्या टेबलावर दुसऱ्याला शून्य येणं अशक्य नाही. विशेषतः जिथे गाव सभेत ठरवून मत देतं.

ओएएसच्या (अमेरिका खंडांतल्या देशांची संघटना) निरीक्षकांना गंभीर अनियमितता आढळली नाही. तरीही जेएनईने प्रत्येक अपील सुनावणी घेऊन निकाली काढलं. मध्येच पाच सदस्यांपैकी सरकारी वकिलांच्या प्रतिनिधीने अंग काढून घेतलं आणि कामकाज अडायची वेळ आली, त्याच्या जागी दुसरा बसवला. १९ जुलै यामुळे उजाडला. एका दिवसाचाही कमी वेळ घेतला असता तर तुम्हीच 'घाईत उरकलं' म्हणाला असता.

सह्यवारा

ठीक. ८०२ च्या बाबतीत माझं मत बदललं. मतपत्रिका नष्ट करण्याबद्दल बदललेलं नाही. निकाल घोषित होईपर्यंत त्या सीलबंद ठेवायला काय हरकत आहे?

खडूफळा

या एका बाबतीत मी तुमच्या बाजूने. साठवण आणि पहारा यांचा खर्च येईल, पण एक टक्क्याच्या आतल्या फरकाला तो परवडतो.

चंद्रकोर

सगळे दुसऱ्या फेरीवर बोलताय, पण पसंतीक्रम हा पर्याय आहेच की. श्रीलंकेत २१ सप्टेंबर २०२४ ला तेच झालं. पुन्हा मतदान नाही, खर्च नाही, महिन्याभराची चिखलफेक नाही. आपल्याकडे राष्ट्रपती, विधान परिषदेचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ पसंतीक्रमानेच चालतात.

शालिनी_अ

चंद्रकोर, दोन्ही पद्धती सारख्या नाहीत. श्रीलंकेत पहिल्या मोजणीत निम्मी मतं कोणालाच नसतील तर पहिले दोघे सोडून बाकी सगळे एकदम बाद. त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी-तिसरी पसंती फक्त त्या दोघांसाठी बघायची. २०२४ मध्ये अनुरा कुमार दिसानायके ५६,३४,९१५ (४२.३१ टक्के), सजित प्रेमदासा ४३,६३,०३५ (३२.७६). रनिल विक्रमसिंघे १७.२७ टक्क्यांवर तिसरे. दुसऱ्या मोजणीनंतर ५७,४०,१७९ आणि ४५,३०,९०२. बघा, रनिल यांना जवळपास २३ लाख मतं होती आणि बाकीचेही बरेच उमेदवार होते, तरी दोघांच्या पारड्यात मिळून पावणेतीन लाखांच्या आसपासच भर पडली. बहुतेकांनी एकाच नावापुढे खूण केली होती. जिंकलेला उमेदवार निम्म्या वैध मतांपर्यंत पोचलाच नाही.

आपल्या पदवीधर मतदारसंघात तळाचा एकेक उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढे सरकतात. म्हणून मोजणी रात्रभर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. तिथे बाद मतांचं कारणही ठरलेलं : पहिली पसंती '१' लिहिलीच नाही, '१' दोघांपुढे लिहिला, आकड्याऐवजी बरोबरची खूण केली, किंवा केंद्रावरचं जांभळं पेन सोडून स्वतःचं पेन वापरलं. शिकलेल्या मतदारांत हे होतं. १८ उमेदवार असलेल्या पेरूत पसंतीक्रम लावायला सांगितला तर बाद मतं किती वाढतील याचा विचार करा. दुसऱ्या फेरीत मतदाराला नवा निर्णय घेता येतो, दोघांना समोरासमोर वादविवाद करताना बघता येतं. कास्तियो-केइकोचा एक वादविवाद कास्तियोच्या चोता भागात झाला, दुसरा आरेकिपात. पहिल्या फेरीआधी देशातल्या कितीतरी लोकांना कास्तियो कोण हेच ठाऊक नव्हतं. त्याला पसंती कुठली लावणार?

चंद्रकोर

शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. पण मग फ्रान्स २००२ चं काय? १६ उमेदवार, शिराक १९.८८, ल पेन १६.८६, जोस्पँ १६.१८. डाव्यांची मतं फुटली आणि त्यांचा मुख्य उमेदवार दोन लाखांहून कमी मतांनी बाहेर. दुसऱ्या फेरीत शिराक ८२ टक्के. ती फेरी निव्वळ औपचारिक झाली. पसंतीक्रमात एकेक बाद होत गेला असता तर जोस्पँ टिकण्याची शक्यता होती. पेरूत २००६ ला लुर्देस फ्लोरेस २३.८ वर बाहेर आणि गार्सिया २४.३ वर आत, आणि तोच पुढे राष्ट्राध्यक्ष.

शालिनी_अ

हे मान्य. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकातला अर्धा टक्का, हाच या पद्धतीचा सगळ्यात नाजूक सांधा आहे.

मांडवीकाठ

पोर्तुगालचं १९८६ कोणी आणलं नाही म्हणून लिहितो. गोव्यात पोर्तुगीज नागरिकत्व असलेली बरीच कुटुंबं आहेत, त्यांना हा विषय जवळचा. पहिल्या फेरीत फ्रेइतास दो आमाराल ४६.३ टक्के, मारियो सोआरेस २५.४. तरी दुसऱ्या फेरीत सोआरेस ५१.२ टक्क्यांनी जिंकले. कम्युनिस्टांचं सोआरेसशी हाडवैर. त्यांचे नेते आल्वारो कुन्याल यांनी कार्यकर्त्यांना सांगितलं, मतपत्रिकेवरचा सोआरेसचा फोटो हाताने झाका आणि पुढच्या चौकटीत फुली मारा. 'नको असलेला नको' म्हणून दुसऱ्याला मत देणं कसं असतं याचं यापेक्षा नेमकं उदाहरण नाही. केइको तीनदा दुसऱ्या फेरीत हरली ती याच तऱ्हेच्या मतांमुळे : २०११ मध्ये उमालाकडून, २०१६ मध्ये कुचिन्स्कीकडून अवघ्या ४१ हजारांनी, २०२१ मध्ये कास्तियोकडून.

दुर्बीण

मांडवीकाठ, २०१६ काढलंत ते बरं झालं. धाग्याच्या मूळ मुद्द्याकडे येतो.

२०१६ ची पहिली फेरी : केइको ३९.८६, कुचिन्स्की २१.०५. त्याच दिवशी संसदेसाठी तिच्या पक्षाला ३६ टक्के मतं मिळाली आणि जागा १३० पैकी ७३. कारण पाच टक्क्यांचा उंबरठा न ओलांडणारे पक्ष वजा होतात आणि उरलेल्या जागा मतदारसंघनिहाय दोंत सूत्राने (मतांच्या प्रमाणात जागा वाटण्याची एक रीत) वाटतात. छोट्या, तीन-चार जागांच्या मतदारसंघात ते सूत्र पहिल्या पक्षाला झुकतं माप देतं. कुचिन्स्कीचे १८ खासदार. दोन महिन्यांनी तोच देशाचा प्रमुख झाला. १८ खासदारांवर.

'कायमची नैतिक असमर्थता' या कारणावरून राष्ट्राध्यक्षाला हटवायला ८७ मतं लागतात. म्हणजे बचावाला ४४ हवीत. कुचिन्स्कीकडे १८ होती. मार्च २०१८ मध्ये दुसऱ्या ठरावाच्या तोंडावर त्याने राजीनामा दिला. नंतरच्या विस्कार्राने सप्टेंबर २०१९ मध्ये संसद बरखास्त केली, नोव्हेंबर २०२० मध्ये नव्या संसदेने १०५ मतांनी त्याला काढलं. त्याच्या जागी आलेला मेरिनो पाच दिवस टिकला. कास्तियोच्या पक्षाच्या जागा ३७, सोबतच्या हुंतोस पोर एल पेरूच्या ५. एकूण ४२. दोन कमी! संसदेची निवडणूक ६ जूनला झाली असती तर ८८ लाख मतं घेणाऱ्याला ४४ चा आकडा सहज मिळाला असता असं माझं म्हणणं.

खडूफळा

दुर्बीण, गणित चोख आहे, निष्कर्ष नाही. मार्च २०२२ च्या ठरावाला ५५ मतंच पडली. ५४ विरोधात, १९ तटस्थ. ८७ च्या जवळपासही नाही. म्हणजे ४२ असूनही तो टिकत होता, कारण विरोधकही अनेक पक्षांत फुटलेले होते. विखुरलेल्या संसदेनेच त्याला वाचवलं. १०१ मतं पडली ती ७ डिसेंबरला, त्याने दूरचित्रवाणीवर संसद बरखास्तीची घोषणा केल्यावर. बरखास्तीसाठी घटनेची अट आहे की संसदेने दोन मंत्रिमंडळांना विश्वास नाकारलेला असावा. तसं झालेलंच नव्हतं. सोळा महिन्यांत पाच पंतप्रधान आणि सत्तरहून जास्त मंत्री बदलले, हे संसदेच्या तारखेमुळे झालं नाही. पक्षात माणसं नव्हती म्हणून झालं.

गणकयंत्र

आणि तारीख पुढे नेल्याने हमी मिळत नाही. फ्रान्सने २००२ पासून संसदेची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या नंतर ठेवली. २०१७ ला मॅक्राँला त्याचा पुरेपूर फायदा झाला. २०२२ ला ५८.५ टक्क्यांनी जिंकूनही संसदेत बहुमत हुकलं.

दुर्बीण

हमी मिळत नाही, शक्यता वाढते. बहुमत हुकलं तरी मॅक्राँचा गट सर्वात मोठा होता. कुचिन्स्कीचे १८ आणि ते, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खडूफळा, कास्तियोच्या बाबतीत तुमचं म्हणणं धरून चालतो, तो स्वतःच्या कृतीने पडला. पण कुचिन्स्कीच्या बाबतीत तुमच्याकडे काय उत्तर आहे?

खडूफळा

कुचिन्स्कीच्या बाबतीत तुमचं बरोबर. तिथे एकाच पक्षाकडे ७३ होत्या आणि त्या पहिल्या फेरीच्या लाटेच्या होत्या. पण उपाय सोपा नाही. संसदेच्या उमेदवारयाद्या राष्ट्राध्यक्षाच्या अर्जासोबतच नोंदवल्या जातात. संसद दुसऱ्या फेरीच्या दिवशी नेली तर अंतिम फेरीत नसलेले पक्ष प्रचारात दिसतच नाहीत, मतं त्या दोघांकडेच ओढली जातात. १३.४ टक्क्यांच्या पक्षाला मग ४० टक्के जागा मिळाल्या तर त्याला प्रातिनिधिक म्हणायचं का? त्यापेक्षा महिनाभराने, फ्रान्ससारखी वेगळी निवडणूक बरी. पेरूत तीन मतदानं घ्यायची म्हणजे टेबलावर बसायला माणसं मिळणं हीच पहिली अडचण.

मुक्ता

२०२४ मध्ये पेरूने दोन सभागृहं परत आणायची घटनादुरुस्ती केली ना? त्यात या तारखेला हात लावला का?

दुर्बीण

नाही. २०२६ च्या निवडणुकीपासून ६० सेनेटर आणि १३० प्रतिनिधी, पण मतदान राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्या फेरीच्याच दिवशी. आणि राष्ट्राध्यक्षाला बरखास्त करता येईल ते फक्त प्रतिनिधिगृह, सेनेटला हात लावता येत नाही. म्हणजे मतदाराच्या हातात त्या दिवशी आणखी रकाने आले, टेबलावरच्या तिघांना रात्री आणखी बेरजा आल्या, आणि राष्ट्राध्यक्ष कोण हे कळायच्या आधी दोन्ही सभागृहं भरून झाली.

खडूफळा

वाढत्या बेरजांबद्दल आधी लिहायला हवं होतं ते आता लिहितो. प्रतिनिधींसाठी पसंतीचं मत वेगळं असतं. पक्षाला फुली मारल्यावर शेजारच्या दोन छोट्या चौकटींत उमेदवाराचे क्रमांक लिहिता येतात. चौकटीत फुली न मारता फक्त क्रमांक लिहिला तर काय, दोन वेगळ्या पक्षांच्या ओळींत लिहिला तर काय, हे टेबलावरच्या सदस्यांना पाठ हवं. पहिल्या फेरीचे आक्ते दुसऱ्या फेरीपेक्षा जास्त निरीक्षित होतात ते या रकान्यांमुळे. त्यावर वेगळा धागा काढायचा असेल तर आक्त्याचा नमुना ओळीओळीने समजावून द्यायला मी तयार आहे.

आंबोळी

काढा. दोन पक्षांच्या ओळींत क्रमांक लिहिल्यावर काय होतं, तिथून सुरू करा.